परसदारच्या सावलीत रानफुलं: बी पेरल्यापासून फूल येईपर्यंत

आमचं घर मेरीलँडमध्ये, हॉवर्ड काउंटीत. घरामागे ट्युलिप पॉप्लरची जुनी उंच झाडं आणि एक बीचचं झाड. एप्रिलअखेर पालवी भरली की ऑक्टोबरपर्यंत खाली उन्हाचे कवडसेसुद्धा मोजके. तिथे लॉन राखायचा आधीच्या मालकांचा हट्ट आम्हीही काही वर्षं चालवला. सप्टेंबरात गवताचं बी, चुना, खत. पुढच्या जूनला पुन्हा उघडी माती आणि शेवाळ. 2021 च्या मे महिन्यात सतरा वर्षांनी येणारे सिकाडा नावाचे किडे जमिनीतून निघाले आणि झाडांखालच्या मातीची अक्षरशः चाळण झाली. ते बघून नवरा म्हणाला, "गवताला आता रामराम." मी लगेच हो म्हटलं, कारण लॉनवर दरवर्षी जाणारे पैसे मलाही डाचत होते.

गवताच्या जागी काय लावायचं हे पटाप्स्को नदीकाठी आधीच बघून झालं होतं. एप्रिलच्या मध्यावर तिथल्या स्टेट पार्कात व्हर्जिनिया ब्लूबेल फुलतात, आणि चालायच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना निळं होऊन जातं. इथल्या जंगलातली बरीच रानफुलं मार्चअखेर ते मेच्या मध्यापर्यंत, वरची पानं ऊन अडवायच्या आत, आपलं सगळं उरकून घेतात. फूल, फळ, बी झालं की त्यातली कित्येक जूनमध्ये पानांसकट दिसेनाशी होतात आणि पुढच्या मार्चपर्यंत जमिनीखाली राहतात. म्हणजे आमच्या झाडांखाली जी अडचण वाटत होती, तीच या फुलांची गरज.

नर्सरीत गेले तर एक छोटी कुंडी 10 ते 15 डॉलरला, तीन पानांचं ट्रिलियम 20 च्या पुढे. सगळी जागा भरायची तर हजारभर डॉलर नक्की गेले असते. बियांचं पाकीट तीन-चार डॉलरला मिळत होतं. म्हणून बिया. हा निर्णय पैशांच्या हिशोबाने घेतला होता हे आधीच सांगून टाकते. निसर्गप्रेम वगैरे नंतर आलं.

सुरुवात मात्र बियांनी झाली नाही, अर्जाने झाली. एचओए म्हणजे आपली सोसायटीच, फक्त गवताच्या उंचीतही लक्ष घालणारी. लॉन काढून दुसरं काही लावायचं तर त्यांच्या आर्किटेक्चरल रिव्ह्यू समितीची मंजुरी लागते. ऑक्टोबर 2021 मध्ये मी अर्ज भरला. घराच्या सर्व्हे नकाशाची प्रत आणि त्यावर हिरव्या पेनने दाखवलेली जागा, झाडांची यादी, लगतच्या शेजाऱ्यांच्या सह्या, 25 डॉलर शुल्क. नियमात उत्तराची मुदत 45 दिवस. चाळीस-एक दिवसांनी अर्ज परत आला: प्रत्येक झाडाचं शास्त्रीय नाव द्या, पूर्ण वाढ झाल्यावरची उंची द्या, आणि यादीतला गोल्डनरॉड काढा, त्याने लोकांना ॲलर्जी होते.

इथे दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक म्हणजे नवा कायदा. आमच्याच काउंटीतल्या कोलंबियामधल्या एका जोडप्याचा देशी झाडांच्या बागेवरून त्यांच्या एचओएशी वाद झाला, तो कोर्टापर्यंत गेला, आणि त्यातून मेरीलँड विधानसभेने 2021 मध्ये 'हाउस बिल 322' मंजूर केलं. 1 ऑक्टोबर 2021 पासून ते लागू आहे. परागीभवन करणाऱ्या कीटकांसाठीची बाग, पावसाचं पाणी मुरवणारी बाग अशा गोष्टींवर एचओएला सरसकट बंदी घालता येत नाही, लॉनच ठेवा असा आग्रहही धरता येत नाही. रचनेबाबत वाजवी नियम मात्र ते करू शकतात, आणि बाग नीट राखायची जबाबदारी मालकाची. दुसरी गोष्ट म्हणजे गोल्डनरॉडचं परागकण. ते जड आणि चिकट असतं, कीटकांच्या अंगाला लागून जातं. वाऱ्यावर उडून शिंका आणणारं परागकण त्याच दिवसांत फुलणाऱ्या रॅगवीडचं. हे दोन परिच्छेदांत, कुठेही आवाज न चढवता लिहिलं, कायद्याचा क्रमांक दिला आणि कडेने दगडांची नीट आखलेली ओळ ठेवू असं कबूल केलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मंजुरीची ईमेल आली. तुम्हाला असा अर्ज करायचा असेल तर नकाशात कड आणि पायवाट ठळक दाखवा. समितीला फुलांपेक्षा कडेची काळजी जास्त असते, असं माझं मत झालं आहे.

मंजुरीची वाट बघताना जागा साफ केली. तिथे इंग्लिश आयव्ही पसरली होती, ती मुळापासून उपटावी लागते. हे काम थंडीतच करा. दोन कारणं आहेत: पॉयझन आयव्ही आणि टिक, म्हणजे गोचीड. पॉयझन आयव्हीला हिवाळ्यात पानं नसली तरी तिच्या केसाळ वेलीला हात लागला तरी पुरळ उठतं, म्हणून जाड हातमोजे, आणि नंतर बाह्यांसकट कपडे थेट मशीनमध्ये. टिकचा त्रास थंडीत कमी असतो, पण नसतोच असं नाही. टिक चावल्याने होणारा लाइम आजार मेरीलँडमध्ये चांगलाच आहे. मी अजूनही परसात जाताना पँट मोज्यात खोचते आणि आत आल्यावर गुडघ्यामागे, कमरेशी बघून घेते. दिसायला विनोदी, पण सवय लावाच.

माती तपासायला प्रयोगशाळेत पाठवली, पंधरा-एक डॉलर लागले. पीएच 5.4 आला. जंगलातल्या बहुतेक झाडांना थोडी आम्ल माती चालते, त्यामुळे चुना टाकला नाही, खतही नाही. फक्त शरद ऋतूतली गळलेली पानं मॉवरने बारीक करून तिथेच पसरली. बाहेरून पालापाचोळ्याचं खत विकत आणायचा मोह टाळला, कारण त्यातून आशियाई जंपिंग वर्म नावाची गांडुळं येऊ शकतात. गांडूळ म्हणजे शेतकऱ्याचा मित्र हे आपल्याला पाठ असतं. ही जात मात्र जंगलातल्या पानांचा थर बघता बघता संपवते आणि मागे कॉफीच्या चोथ्यासारखी भुसभुशीत माती ठेवते, तिच्यात रानफुलांची मुळं टिकत नाहीत.

आता बिया. मी बऱ्याचशा मिनेसोटातल्या प्रेअरी मून नर्सरीकडून मागवल्या. त्यांच्या पाकिटावर एक संकेताक्षर असतं आणि ते समजून घेतलं की अर्धं काम झालं. 'सी' आणि कंसात 60 म्हणजे पेरण्याआधी साठ दिवस थंड आणि ओलसर ठेवायचं. 'डी' म्हणजे बी बारीक आहे, वर माती घालू नका, नुसतं दाबा. 'एम' म्हणजे फ्रिजची खटपट करू नका, शरद ऋतूत बाहेर पेरा आणि निसर्गाला वेळ द्या. मेथी-कोथिंबीर पेरून आठवड्यात हिरवं बघायची सवय असलेल्या मला हे साठ दिवस ऐकूनच धडकी भरली होती. पण कारण साधं आहे. शरद ऋतूत पडलेलं बी लगेच उगवलं तर पुढच्या हिमात मरेल. म्हणून बियाच्या आतच कुलूप असतं, आणि ओल्या थंडीत पुरेसे दिवस गेल्याशिवाय ते उघडत नाही. कोरड्या पाकिटात फ्रिजमध्ये ठेवून हे होत नाही, ओल हवीच. आणि फ्रीझर नाही. 1 ते 5 अंश सेल्सिअस पुरेत.

पहिल्या वर्षी मी सोपी झाडं घेतली: वाइल्ड कोलंबाइन, व्हाइट वुड ॲस्टर, झिगझॅग गोल्डनरॉड, वुडलँड फ्लॉक्स. जानेवारी 2022 च्या दुसऱ्या आठवड्यात दुधाच्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पेरली. घरी दही लावणाऱ्यांकडे गॅलनचे कॅन ढिगाने निघतात. कॅन हँडलच्या खालून आडवा कापायचा, हँडलपाशी थोडा भाग न कापता बिजागरीसारखा ठेवायचा. तळाला भोकं पाडायची, चार बोटं पॉटिंग मिक्स (कुंडीसाठीची तयार माती) भरायचं, पूर्ण भिजवायचं, बिया पसरून तळहाताने दाबायच्या, कॅन बंद करून चिकटपट्टी लावायची आणि झाकण काढून टाकायचं. मग सरळ बाहेर, हिमात. झाकणाच्या भोकातून पाऊस आणि बर्फ आत जातो, खारी आणि पक्षी जात नाहीत. नाव लिहायला मार्कर वापरू नका, उन्हात त्याची शाई उडते. दह्याच्या डब्याची पट्टी कापून तिच्यावर शिसपेन्सिलीने लिहा आणि ती कॅनच्या आत मातीत खोचा. एक नाव बाहेर, एक आत.

फ्लॉक्सच्या थोड्या बिया फ्रिजमध्येही ठेवून पाहिल्या, तुलनेसाठी. ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज) मिसळून झिपच्या पिशवीत. मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकायला नको, एवढीच ओल. पिशवीवर मोठ्या अक्षरांत 'खायचं नाही' लिहिलं, कारण सासूबाई तेव्हा इथे होत्या आणि फ्रिज आवरणं हे त्या आपलं कर्तव्य मानतात. तुलनेचा निकाल: कॅनमधल्या उगवल्या तशाच फ्रिजमधल्या उगवल्या, पण फ्रिजमधली पिशवी दर आठवड्याला उघडून बुरशी बघावी लागली. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना फ्रिज ठीक आहे. ज्यांच्याकडे बाल्कनी आहे त्यांनी कॅनच करावा.

कोलंबाइन मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उगवलं. दोन गोल पानं, मग तिसरं कातरलेलं. एप्रिलमध्ये बाकीचेही आले. दुपारी ऊन चढलं की कॅन आतून तापतो, म्हणून एप्रिलच्या मध्यापासून दिवसा उघडून ठेवायचा आणि दुपारी पाणी बघायचं. मेच्या मध्यावर, पाल्याला थोडा दम आल्यावर, रोपं एकेक न सोडवता ढेकळासकट चार-पाच तुकडे करून जमिनीत लावली. बारीक मुळं सोडवत बसू नका, गुच्छातली ताकदवान रोपं आपोआप टिकतात.

त्या वर्षीच्या जूनमध्ये खरी शिकवणी सुरू झाली. आमच्या मागच्या रस्त्यावर एक आजी राहतात, निवृत्त शाळामास्तरीण, त्यांच्या परसात चाळीस वर्षं जुनं रानफुलांचं बन आहे. मी त्यांना विचारलं, ब्लडरूट आणि ट्रिलियमच्या बियांचं कोणतं पाकीट घेऊ? त्या म्हणाल्या, "कोरडं पाकीट घेऊच नकोस. शेंग पिकली की मी फोन करते, त्याच दिवशी ये." जंगलातल्या या झाडांचं बी एकदा पूर्ण सुकलं की उगवायचा भरवसा उरत नाही. ब्लडरूट, ट्रिलियम, वाइल्ड जिंजर, ब्लूबेल ही सगळी त्यातली. चांगले विक्रेते ती ओलसर पॅक करून ठराविक दिवसांतच पाठवतात. एखाद्या दुकानात वर्षभर कोरड्या पाकिटात ट्रिलियम मिळत असेल तर तिथे पैसे घालवू नका.

फोन आला तो जूनच्या पहिल्या आठवड्यात. ब्लडरूटची शेंग दोन्ही टोकांना निमुळती, पानाखाली लपलेली. हिरवी दिसते, पण आतलं बी तांबूस तपकिरी झालं की ती पिकली. आजींनी काही शेंगांना आधीच जाळीच्या छोट्या पिशव्या बांधल्या होत्या, लग्नात बदाम-खडीसाखर देतात तसल्या. त्यांनी एक मोकळी शेंग बोटाने दाबून उघडली आणि मला खाली बसायला सांगितलं. चकचकीत बिया, ज्वारीच्या दाण्याहून जरा लहान, आणि प्रत्येकीच्या एका अंगाला पांढरा, ओलसर, मऊ तुरा. दोन मिनिटांत मुंगी आली. तुऱ्याला धरून बी उलटं ओढत निघाली, पानाच्या कडेला अडली, सोडून मागे गेली, दुसऱ्या बाजूने पुन्हा धरलं. तेवढ्यात आणखी दोघी आल्या. तुऱ्यात चरबी असते. मुंग्या तो वारुळात नेऊन अळ्यांना खाऊ घालतात आणि बी आपल्या केरकचऱ्याच्या जागी टाकून देतात. तिथली माती भुसभुशीत आणि कसदार, उंदरांपासून लांब. पूर्वेकडच्या या जंगलांतली कितीतरी वसंतफुलं याच भाडोत्री हमालीवर पसरली आहेत. म्हणूनच पिशवी बांधायची: एरवी शेंग फुटल्याच्या दिवशीच मुंग्या आपल्या आधी पोचतात.

बिया ओल्या शेवाळात गुंडाळून आणल्या आणि त्याच संध्याकाळी पेरल्या. अर्ध्या खोल कुंड्यांत, अर्ध्या थेट जमिनीत अर्धा इंच खाली, वरून चुरलेली पानं. जुलैमध्ये ट्रिलियमची फळं मिळाली, तीही तशीच. ब्लूबेलच्या सुरकुतलेल्या काळपट बिया जूनमध्येच पेरून झाल्या होत्या. कुंड्या बीचच्या मुळाशी सावलीत ठेवल्या आणि वरून तारेची जाळी, कारण खारीला ताजी उकरलेली माती दिसली की राहवत नाही.

सप्टेंबरात जॅक-इन-द-पल्पिटच्या लालभडक फळांची पाळी. हे झाड बघून मला पहिल्या दिवसापासून घरचं माणूस भेटल्याचा आनंद झाला, कारण ते आपल्या सापकांद्याचं सख्खं भावंड आहे, एकाच कुळातलं, एकाच प्रजातीगटातलं. पावसाच्या सुरुवातीला महाबळेश्वर, कास, आंबोलीकडे फण्यासारखं फूल घेऊन उभा असतो तो सापकांदा. गुणही तेच. अळूला खाज आणणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक या फळाच्या गरातही असतात. हातमोजे घालून गर धुऊन काढायचा, डोळ्यांना हात लावायचा नाही, आणि स्वयंपाकघरातली चाळणी वापरायची नाही. स्वच्छ बिया मी त्याच आठवड्यात बाहेर पेरल्या. या झाडाची आणखी एक गंमत: रोप लहान असताना ते नर असतं, कांद्यात पुरेसा साठा झाला की मादी होतं, आणि एखादं वर्ष उपासमारीचं गेलं तर पुन्हा नर. फळ धरायला ताकद लागते, तेवढी नसली तर ते त्या वाटेला जातच नाही.

त्याच महिन्यात गौरी आल्या. माझं माहेर चिपळूणचं, आमच्याकडे तेरड्याची गौर. तेरड्याचं बी इथे बाल्सम नावाने मिळतं, पण मला त्याचा रानटी भाऊ आधीच मिळाला होता. ज्वेलवीड, केशरी फुलांचं, इथल्या ओढ्याकाठच्या सावलीतलं. पिकलेल्या शेंगेला बोट लावलं की टचकन फुटते आणि बी लांब उडतं, अगदी तेरड्याची खोड. आदल्या शरद ऋतूत त्याच्या ताज्या बिया पागोळ्यांचं पाणी पडतं तिथे फेकल्या होत्या. वसंतात उगवून ऑगस्टमध्ये कमरेएवढं झालं. 2022 ची गौर मी त्याच्या जुडीची केली. दीड दिवसात मान टाकते, हे आधीच सांगते, पाण्यात ठेवा. भारतातून बिया पाठवू का असं बरेच नातेवाईक विचारतात, त्यांना नको म्हणा. थोड्या बिया आणायलाही अमेरिकन कृषी खात्याचा परवाना किंवा भारतातलं सरकारी तपासणी-प्रमाणपत्र आधी काढावं लागतं आणि विमानतळावर त्या जाहीर कराव्या लागतात. इथल्या स्टेट पार्कातूनही बी वा रोप उचलायला लेखी परवानगी लागते. खासगी परसातून, मालकाला विचारून, हाच सरळ रस्ता.

2023 चा मार्च आला. ब्लडरूटच्या कुंड्यांत थोडी पानं आली, एकेक, अंगठ्याच्या नखाएवढी, कातरलेल्या कडेची. ब्लूबेलची जाड दोन पानं आली आणि जूनच्या सुरुवातीला पिवळी पडून गेलीसुद्धा. मला आजींनी आधीच बजावलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी ती मेली समजून कुंड्या ओतल्या असत्या. आणि ट्रिलियमच्या कुंडीत काहीच नाही. एप्रिल, मे, काही नाही. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अगं, वर्षभर नुसत्या मातीला पाणी घालतेस का?" घालत होते खरी. ट्रिलियमला दोन हिवाळे लागतात. पहिल्या हिवाळ्यानंतर बियातून फक्त मूळ निघतं आणि जमिनीखाली बारीकसा कंद धरतं. वरचा कोंब दुसऱ्या हिवाळ्यानंतरच. म्हणजे कुंडी रिकामी दिसते तेव्हा ती रिकामी नसते. तिला पाणी घालत राहायचं, तण हळू हाताने काढायचं आणि पावसाळी बूट तिच्यापासून लांब ठेवायचे. तारीख लिहिलेली पट्टी कुंडीत हवीच, कारण दीड वर्षाने ही कुंडी कशाची ते कोणालाच आठवत नाही.

मन रमवायला कोलंबाइन होतं. त्याच एप्रिलअखेर ते फुललं, लाल आणि पिवळं, मान खाली घालून. सोप्या झाडांपासून सुरुवात करा असं मी सांगते ते याचसाठी. नुसतं ट्रिलियम पेरून बसलात तर पहिल्या वर्षातच कंटाळाल. मेच्या पहिल्या आठवड्यात एक हमिंगबर्ड येऊन खालून चोच घालून गेला, आणि मी भाजी करपवली.

मग हरणं. हॉवर्ड काउंटीत हरणांचा सुळसुळाट आहे, आणि आठ फुटी कुंपण आमच्या एचओएत बसत नाही. वुड ॲस्टरची कोवळी टोकं एका रात्रीत गेली. वाइल्ड जिंजर आणि ब्लडरूटला हरणं सहसा तोंड लावत नाहीत. ट्रिलियम त्यांचा खाऊ. जिथे ट्रिलियम आणि जॅक आहेत तिथे तारेच्या जाळीची गोल नळकांडी उभी केली, बाकी ठिकाणी अंड्याच्या वासाचा फवारा, प्रत्येक जोरदार पावसानंतर पुन्हा. नळकांड्यांसाठी लोखंडी खुंट ठोकायचे होते, म्हणून आधी 811 ला फोन. जमिनीखालच्या तारा आणि नळ कुठे आहेत ते दाखवणारी ही सेवा फुकट आहे, खणण्याआधी फोन कराच. काही कामाचे दिवस थांबावं लागतं, मग माणसं येऊन जमिनीवर रंगाच्या रेघा मारून जातात: पिवळी गॅसची, लाल विजेची, निळी पाण्याची, केशरी फोन-इंटरनेटची. आमच्या बीचच्या मुळापासून दोन हातांवर केशरी रेघ निघाली. कुदळ तिथेच पडणार होती.

2024 च्या एप्रिलमध्ये ट्रिलियमचं पहिलं पान आलं. अरुंद, गवताच्या पात्याहून जरा रुंद, तीन पानांशी काही संबंध नसलेलं. शेजारच्या कुंडीत ब्लडरूटच्या मागे राहिलेल्या बियाही त्याच वर्षी उगवल्या, आणि फ्लॉक्स पहिल्यांदा भरपूर फुललं. यंदा, 2025 मध्ये, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ब्लडरूटला फूल आलं. पान देठाभोवती शालीसारखं लपेटलेलं, त्यातून एकच पांढरं फूल वर. सकाळी ऊन पडल्यावर उघडतं, संध्याकाळी मिटतं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, इथे तर तिसऱ्या दिवशी वारा आला आणि पाकळ्या खाली. मला त्यातही काही कमी वाटलं नाही. ट्रिलियमला यंदा एक रुंद खरं पान आलं आहे. तीन पानं पुढच्या एक-दोन वर्षांत, आणि फूल पेरणीपासून सात वर्षांनी, कदाचित त्याहून उशिरा. कारवी सात वर्षांनी फुलते म्हणून गाड्या भरून डोंगरावर जाणारी आपण माणसं, तेव्हा आईला मी हे उदाहरण दिलं. ती म्हणाली, "कारवीला कोणी रोज पाणी घालत नाही."

खर्चाचा हिशोब द्यायचा राहिला. बिया साठ-पासष्ट डॉलर, पॉटिंग मिक्स आणि व्हर्मिक्युलाइट पन्नासच्या आसपास, जाळी आणि खुंट सगळ्यात महाग, सव्वाशे. फवारा दर हंगामाला वीस. त्यात अर्ज आणि माती तपासणी. साधारण सव्वातीनशे डॉलर, तेही तीन-चार वर्षांत पसरलेले. लॉनवर एवढे दोन वर्षांतच जायचे. पण वेळेचा हिशोब धरलात तर नर्सरीतली रोपं स्वस्त पडतात, हेही खरं. माझा सल्ला विचाराल तर वाइल्ड जिंजर आणि ट्रिलियमची दोन-दोन रोपं विकत घ्या, बी पेरायच्या दिवशीच लावा, आणि त्यांच्याच बिया पुढे वापरा. घेताना मात्र 'नर्सरीत वाढवलेलं' असं स्पष्ट विचारा. जंगलातून उपटून कुंडीत घातलेली ट्रिलियम अजूनही विकली जातात, आणि संशयास्पद स्वस्त असतात.

यंदाच्या ब्लडरूटच्या शेंगांना मी जाळीच्या पिशव्या बांधल्या आहेत. जूनच्या पहिल्या दहा दिवसांत पिकतील. बाल्टिमोर, कोलंबिया, एलिकॉट सिटीच्या बाजूला राहणाऱ्या कोणाला हव्या असतील तर इथे खाली कळवा, शेंग उघडायला लागली की निरोप देईन. येताना ओलं शेवाळ किंवा ओला पेपर टॉवेल आणि झिपची पिशवी आणा, गाडी उन्हात उभी करून दुसरीकडे जाऊ नका, आणि घरी गेल्यावर चहा व्हायच्या आत पेरा. कुंडी खोल घ्या, किमान सहा इंच. पट्टीवर तारीख पेन्सिलीने.